‘बेडमॅप-३’ : बर्फाखालच्या अंटार्क्टिकाचा नकाशा वापरताना

अंटार्क्टिकावरच्या बर्फाखाली जमीन कशी आहे हे दाखवणारा ‘बेडमॅप-३’ हा संगणकीय नकाशासंच ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून तयार केला आणि मार्च २०२५ मध्ये तो शोधनिबंधासह प्रसिद्ध झाला. चंद्रपुरातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवताना पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी मी तो गेले काही महिने वापरत आहे. या परीक्षणात त्याच्याकडे एक वापरायची वस्तू म्हणूनच मी पाहणार आहे : तो काय देतो, कुठे फसवतो आणि त्याच्या जोडीला आणखी काय जवळ ठेवावे लागते. किंमत विचाराल तर शून्य. मूळ स्रोताचा उल्लेख केला की तो कोणालाही उतरवून घेता येतो, आणि तो उघडण्यासाठी लागणारे क्यूजीआयएस हे नकाशे हाताळण्याचे सॉफ्टवेअरही फुकटच मिळते.

या मालिकेतील पहिला नकाशा २००१ साली आला. त्याची जाळी पाच किलोमीटरची होती; म्हणजे पाच किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद भूभागाला मिळून उंचीचा एकच आकडा दिलेला असे. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही जाळी एक किलोमीटरवर आणली आणि तिसरीने ती ५०० मीटरवर आणली आहे. अर्थात नुसत्या बारीक जाळीला भुलून चालत नाही, कारण मोजमापे तीच ठेवून संगणकावर जाळी हवी तितकी बारीक करता येते. खरी भर पडली आहे ती मोजमापांत. तिसऱ्या आवृत्तीत सुमारे ८ कोटी २० लाख मोजमापे आहेत आणि त्यांपैकी ५ कोटी २० लाख नव्याने आलेली आहेत. विमाने, उपग्रह, जहाजे आणि सुरुवातीच्या काळात चक्क कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्या, अशी सहा दशकांची साधनसामग्री एकाच फाइलमध्ये नांदते याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

नकाशा उघडण्यात विशेष अडचण येत नाही. नेटसीडीएफ प्रकारची फाइल क्यूजीआयएसमध्ये आणली की जमिनीची उंची, बर्फाच्या पृष्ठभागाची उंची, बर्फाची जाडी, जमिनीवर टेकलेला बर्फ, समुद्रावर तरंगणारा बर्फ आणि उघडा खडक यांची विभागणी, असे थर एकेक करून पाहता येतात. आमच्या प्रयोगशाळेतील जुने संगणक अख्खा खंड एकदम दाखवताना धापा टाकू लागतात. हवा तेवढा तुकडा कापून घेतला की काम सुरळीत चालते. विद्यार्थ्यांचा खरा गोंधळ उडतो तो दिशांपाशी. या नकाशाच्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीत, दक्षिण ध्रुव मध्यभागी असतो, त्यामुळे नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर ही शाळेपासूनची सवय येथे मोडावी लागते, कारण मध्यापासून कडेकडे जाणारी प्रत्येक वाट उत्तरेलाच जाते. रंगपट्टीही आपल्या हाताने लावावी. संगणकाने आपणहून दिलेल्या रंगांत समुद्रसपाटी कोठे येते ते कळत नाही, आणि पश्चिम अंटार्क्टिकाची कितीतरी जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे ही मुख्य गोष्टच नजरेतून निसटते.

नकाशाची पहिली परीक्षा मी भारताच्या अंटार्क्टिकावरील संशोधन केंद्रापासून सुरू केली. गोव्यातील वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली चालणारे ‘भारती’ हे केंद्र २०१२ पासून लार्समन टेकड्यांवर उभे आहे. हा किनारा प्रिन्सेस एलिझाबेथ लँड या प्रदेशाचा, आणि दुसऱ्या आवृत्तीत नेमक्या याच प्रदेशाच्या अंतर्भागात नकाशाचे एक मोठे भगदाड होते. तेथे रडार घेऊन फारसे कोणी उडालेच नव्हते, म्हणून उपग्रहाने टिपलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या फरकांवरून जमिनीच्या उंचीचा ढोबळ अंदाज बांधून ती जागा भरलेली होती. जुन्या नकाशात ‘भारती’च्या पाठीमागून आत सरकू लागले की जमीन एकाएकी गुळगुळीत होते, जणू कोणी तिच्यावरून मैंद फिरवला आहे. २०१५ नंतर चीनच्या ‘स्नो ईगल ६०१’ या विमानाने आंतरराष्ट्रीय सहकार्यातून या भागावर उड्डाणे केली, आणि नव्या नकाशात त्याच जागी खोल, लांबलचक दऱ्या उमटल्या आहेत. त्यांपैकी एका दरीत बर्फाखाली ४२ किलोमीटर लांबीचे सरोवर असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला त्या विमानाचेच नाव मिळाले. दोन्ही आवृत्त्या एकावर एक ठेवून वरचा थर चालू-बंद करत हा प्रदेश वर्गात दाखवला, तेव्हा एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारी मंडळीही मान उंचावून पाहू लागली होती.

या नकाशाची जात कळण्यासाठी मोजमाप कसे होते ते ठाऊक असावे लागते. थंड बर्फातून रेडिओलहरी आरपार जातात, ही गोष्ट विमानांच्या रडार-उंचीमापकांनी बर्फावर चुकीच्या उंची दाखवल्यामुळे लक्षात आली होती. पुढे १९६० च्या दशकात केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन इव्हान्स यांनी त्यावरून रीतसर मापनपद्धती उभी केली. विमान खाली लहरी सोडते, त्यांचा एक प्रतिध्वनी बर्फाच्या पृष्ठभागावरून परततो आणि दुसरा तळाच्या खडकावरून. बर्फातून लहरींचा वेग एका मायक्रोसेकंदाला सुमारे १६८ मीटर असतो, त्यामुळे दोन प्रतिध्वनींमध्ये साधारण ३६ मायक्रोसेकंदांचे अंतर पडले तर खाली तीन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे असे समजते. त्याआधी बर्फात सुरुंग उडवून त्याच्या हादऱ्याचा प्रतिध्वनी ऐकत बसावे लागे, आणि दिवसाकाठी जेमतेम काही ठिकाणे मोजून होत.

विमान मात्र रेषेत उडते, आणि या नकाशाचे सगळे गुणदोष या एका साध्या गोष्टीतून निघतात. थोडे गणित करून पाहू. अंटार्क्टिकाचा बर्फ सुमारे १ कोटी ३६ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे; ५०० मीटरच्या जाळीत एका चौरस किलोमीटरच्या चार चौकटी होतात, म्हणजे एकूण साडेपाच कोटींच्या आसपास. मोजमापे आठ कोटींवर आहेत, तेव्हा प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सरासरी दीड मोजमाप आले असे कागदावर दिसते. वस्तुस्थिती अशी की एकेका उड्डाणरेषेखाली मोजमापांची दाटी झालेली असते आणि दोन रेषांमधल्या असंख्य चौकटींच्या नशिबी एकही मोजमाप नसते. अशा चौकटींतील उंची शेजारच्या रेषांवरून गणिताने काढलेली असते. तसे करण्यात गैर काही नाही. ते केल्याशिवाय अखंड नकाशा होणारच नाही. परंतु मोजलेली चौकट आणि अंदाजाने भरलेली चौकट या दोन्ही एकाच रंगपट्टीतून रंगवल्या जातात आणि डोळ्याला त्यांतला फरक कळत नाही.

गेल्या सत्रात मी पूर्व अंटार्क्टिकाच्या एका तुकड्याचे दोन उभे छेद काढण्याचे प्रात्यक्षिक दिले होते. एका विद्यार्थिनीने पहिल्या छेदात खडबडीत डोंगराळ प्रदेश दाखवला, आणि दुसऱ्या छेदाचे वर्णन करताना तेथे प्राचीन काळी झिजून सपाट झालेले पठार असावे असे तर्कशुद्ध परिच्छेद लिहून सिद्ध केले. तिची मांडणी उत्तम होती, फक्त ते पठार अस्तित्वात असल्याचा कोणताही पुरावा नव्हता. पहिला छेद योगायोगाने उड्डाणरेषेवरून गेला होता आणि दुसरा दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेतून. यात चूक तिच्यापेक्षा माझी अधिक, कारण ‘मोजमापांची संख्या’ आणि ‘अनिश्चितता’ हे दोन थर आधी उघडायला मी सांगितले नव्हते.

हे दोन थर या संचात दिलेले आहेत, म्हणूनच मी त्याला इतके वरचे स्थान देतो. कोणत्या चौकटीत किती मोजमापे पडली आणि दिलेली उंची किती मीटरने इकडेतिकडे असू शकते, हे नकाशाच तुम्हाला सांगतो. दुर्गम भागांत ही अनिश्चितता शेकडो मीटरपर्यंत जाते आणि तो ते लपवत नाही. शिवाय जाळीच्या आधीची मूळ मोजमापेही मोहिमेनुसार वेगवेगळी करून खुली केलेली आहेत, तेव्हा कोणाला स्वतःची जाळी विणायची असेल तर तीही वाट मोकळी आहे. माझे भांडण आहे ते वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या चित्रांशी. त्यांत जमिनीच्या उंचीचा एकटा रंगीत थर असतो, उड्डाणरेषांचा मागमूस नसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की बर्फ बाजूला सारून कोणी छायाचित्रच काढले आहे.

जेथे रेषा दाट आहेत तेथे हा नकाशा खरोखर डोळ्यांचे पारणे फेडतो. गाम्बुर्त्सेव पर्वतरांग हे त्याचे ठळक उदाहरण. १९५८ साली सोव्हिएत मोहिमेला पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यावर कंपनमापन करताना बर्फ अचानक पातळ लागला, आणि खाली सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग गाडलेली असल्याचे उघड झाले. तिचे एकही शिखर बर्फाबाहेर डोकावत नाही. २००८-०९ च्या उन्हाळ्यात सात देशांच्या संयुक्त मोहिमेने तिच्यावर पाच-पाच किलोमीटरच्या अंतराने उड्डाणे केली, आणि त्यामुळे मुख्य दरीला फुटलेल्या उपदऱ्या, त्यांना मिळणाऱ्या आणखी लहान दऱ्या असे झाडाच्या फांद्यांसारखे जाळे नकाशात स्वच्छ दिसते. नद्या आणि लहान हिमनद्या यांनी हे डोंगर कोरले आणि मग मोठा हिमस्तर त्यांच्यावर पसरला, हे विद्यार्थ्यांना येथे शब्दांत सांगावे लागत नाही.

याउलट पूर्व अंटार्क्टिकातील विल्क्स लँडमध्ये डेनमन आणि टॉटन या हिमनद्यांच्या आतल्या बाजूस डरहॅम विद्यापीठाचे स्टुअर्ट जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये सुमारे ३२,००० चौरस किलोमीटरचा, नद्यांनी कोरलेला एक प्राचीन प्रदेश ओळखला, तो मुख्यतः बर्फाच्या पृष्ठभागावरच्या अतिशय सौम्य चढउतारांवरून. उपग्रहाच्या चित्रांतून त्यांनी हे चढउतार वाचले आणि जुनी रडार-मोजमापे त्यांच्याशी पडताळून पाहिली. रेषांच्या फटीत काय काय दडलेले असू शकते याची कल्पना यावरून येते.

‘बेडमॅप-३’ घेणाऱ्याने ‘बेडमशीन’ हा दुसरा संचही उतरवून ठेवावा, अशी माझी शिफारस आहे. मॅथ्यू मॉर्लिगेम यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला हा नकाशा २०१९ मध्ये आला. त्याचीही जाळी ५०० मीटरचीच आहे आणि त्यामागची रडार-मोजमापेही बव्हंशी सामाईक आहेत, परंतु वेगाने वाहणाऱ्या हिमनद्यांखालच्या मोकळ्या जागा तो वेगळ्या रीतीने भरतो. कालव्यातून किती पाणी जाते, ते किती वेगाने जाते आणि कालवा किती रुंद आहे हे माहीत असले की पाटबंधारे खात्यातला माणूस पाण्यात काठी न बुडवता खोली सांगू शकतो. तोच हिशेब येथे बर्फाला लावला आहे : वर किती बर्फ पडतो ते ठाऊक आहे, पृष्ठभागाचा वेग उपग्रहांनी मोजलेला आहे, तेव्हा तेवढा बर्फ वाहून जायला तळ किती खोल असला पाहिजे ते निघते. डेनमन हिमनदीखालची दरी समुद्रसपाटीच्या खाली सुमारे ३,५०० मीटरपर्यंत जाते, हे अशाच हिशेबातून समोर आले. तेथे रडारला दरीच्या भिंतींवरून येणारे प्रतिध्वनी आधी मिळतात आणि तळाचा आवाज त्यांत बुडून जातो. मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीखाली जेमतेम ४३० मीटर आहे हे लक्षात घेतले, तर महासागराने न भरलेल्या एवढ्या खोल दरीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. किनाऱ्याजवळच्या हिमनद्यांसाठी मी ‘बेडमशीन’ उघडतो, आणि कोठे प्रत्यक्ष काय मोजले गेले आहे हे पाहायचे असेल तेव्हा ‘बेडमॅप’कडे परततो. जाता जाता, ‘बेडमशीन’च्या विभागणीच्या थरात सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या व्होस्टोक सरोवराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे, बर्फाखालच्या शेकडो सरोवरांत हा मान त्या एकट्याचा.

वापरताना आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. नदीखोरे आखण्याचे नेहमीचे साधन जमिनीच्या उंचीच्या थरावर चालवले तर बर्फाखालच्या पाण्याच्या वाटा चुकीच्या येतात, कारण त्या पाण्यावर वरच्या बर्फाचा प्रचंड दाब असतो. पाण्याची दिशा ठरवण्यात बर्फाच्या पृष्ठभागाचा उतार तळाच्या उताराहून दहापटीपेक्षाही अधिक जोर लावतो आणि पाणी प्रसंगी चढणीवरही वाहते. त्यासाठी दोन्ही थर एकत्र करून दाबाचा नकाशा आधी बनवावा लागतो. दुसरे म्हणजे, नकाशात समुद्रसपाटीखाली दिसणारी जमीन बर्फ गेल्यावर तशीच राहील असे मानू नये. आज ती बर्फाच्या भाराने दबलेली आहे. भार उतरल्यावर ती हजारो वर्षे हळूहळू वर येत राहील, आणि हा उठाव मूळ बर्फाच्या जाडीच्या पाव हिश्शाहून अधिक भरू शकतो. म्हणजे ‘बर्फाविना अंटार्क्टिका’ म्हणून फिरणारी बेटांची निळी-हिरवी चित्रे बर्फाविना अंटार्क्टिकाची नसून आजच्याच, बर्फाखाली दबलेल्या अंटार्क्टिकाची आहेत.

हीच गत ५८ मीटर या आकड्याची. नव्या हिशेबाने अंटार्क्टिकावर २ कोटी ७१ लाख ७० हजार घनकिलोमीटर बर्फ आहे आणि तो सगळाच्या सगळा वितळला तर जगातील समुद्रपातळी ५८ मीटरने वाढेल. मोबाइलवर या आकड्यासोबत बुडालेल्या मुंबईचे चित्र येते आणि पुढच्या पिढीचा हवाला दिला जातो. हा आकडा साठ्याचा आहे, धरणाच्या पाटीवर एकूण क्षमता लिहिलेली असते तसा. विसर्ग किती आणि केव्हा होईल याचा तो अंदाज नव्हे. चिंता करायचीच असेल तर या संचाने सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीची करावी : बर्फ पूर्वी समजत होते त्याहून जाड निघाला आहे आणि समुद्रसपाटीखालच्या तळावर टेकलेला त्याचा हिस्सा आधीच्या समजुतीपेक्षा मोठा आहे. किनाऱ्यापासून आत जाताना पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीचा तळ जसा अधिकाधिक खोल होत जातो, तसा जेथे होतो तेथे उबदार समुद्रजलाला आत शिरायला उतार आयताच मिळतो.

सर्वांत जाड बर्फाचे ठिकाणही या आवृत्तीत बदलले. आजवर हा मान अॅडेली लँडमधील अॅस्ट्रोलेब खोऱ्याकडे होता. आता तो विल्क्स लँडमधील एका दरीकडे गेला असून तेथे ४,७५७ मीटर जाडीचा बर्फ आहे. त्या दरीला नाव नाही. ७६.०५२ अंश दक्षिण आणि ११८.३७८ अंश पूर्व हे आकडे टाकून ती शोधायची, एवढेच प्रात्यक्षिक पहिल्या दिवशी द्यावे. नकाशा हाताळायची भीती त्याने जाते.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मी दोन कारणांसाठी कापतो. उंची जिऑइडपासून, म्हणजे ढोबळ अर्थाने सरासरी समुद्रसपाटीपासून दिलेली आहे, तर जीपीएस पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजते. या दोहोंत काही दशक मीटरांचा फरक पडतो आणि नवख्या माणसाला याची सूचना ठळकपणे मिळत नाही. आणि उंचीचा थर उघडताच मोजमापांच्या रेषाही आपोआप वर दिसाव्यात, अशी सोय करून ठेवली असती तर माझ्यासारख्या शिक्षकांचे एक सत्र वाचले असते.

आमच्याकडच्या मुलांचा एक प्रश्न मात्र दर वर्षी ठरलेला असतो : तिथे खाली कोळसा आहे का? चंद्रपूरच्या मुलांनी तो विचारावा हे साहजिकच आहे. वर्धा खोऱ्यातला आमचा कोळसा पर्मियन काळातला, भारत आणि पूर्व अंटार्क्टिका गोंडवन खंडात एकमेकांना चिकटून होते तेव्हाचा. आणि ‘भारती’पासून फार लांब नसलेल्या प्रिन्स चार्ल्स पर्वतांत त्याच काळातले कोळशाचे थर उघड्या खडकांत दिसतात. हा नकाशा त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. तो जमिनीचा आकार सांगतो, ती कशाची बनली आहे हे सांगत नाही. मग मी त्यांना विभागणीचा थर उघडून उघड्या खडकाचे ठिपके शोधायला लावतो. साऱ्या खंडाच्या एक टक्काही न भरणारे ते ठिपके सापडायला वेळ लागतो, आणि तोवर खाणकामावर तेथे आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे, हेही सांगून होते.